कोपऱ्यातला आकडा

“डॉक्टर, तो कोपऱ्यातला आकडा आत्ता एकदम वाढला. कशाचा आहे?”

बारावा आठवडा होता. सोनोग्राफी करताना पल्स्ड डॉपलर, म्हणजे ठोक्यांचा आवाज ऐकवणारी पद्धत, लावून मी बाळाचे ठोके ऐकवत होते. नवऱ्याने मोबाईल पुढे धरला होता, “आणखी थोडं ऐकवा ना” म्हणत होता आणि मी ऐकवत होते. तो आवाज कानावर पडला की आईचा चेहरा कसा उजळतो, हे पाहण्यासाठी मी वर्षानुवर्षे हेच करत आले होते.

आकडा होता टीआयबी, म्हणजे हाडासाठीचा ऊष्मा-निर्देशांक: १.७. मी पोटावरचा प्रोब उचलला.

“मी वाचलंय,” ती म्हणाली, “सोनोग्राफीमुळे उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी जागेवर पोचल्याच नाहीत म्हणे.”

तिने वाचलं होतं ते खरं होतं. येल विद्यापीठात पास्को राकिच यांच्या गटाने २००६ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. गाभण उंदरांना एकूण अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ अल्ट्रासाऊंड दिल्यावर पिल्लांच्या मेंदूतल्या काही चेतापेशी वरच्या थरात जायच्या त्या खालीच अडकल्या. मी तिला फरकही सांगितला. उंदराचा मेंदू एवढासा, तो अख्खाच लहरींच्या झोतात येतो. शिवाय तिथे प्रोब एका जागी धरून ठेवला होता, आमचा हात सतत फिरता असतो. नेहमीच्या तपासणीने माणसाच्या बाळाच्या मेंदूला इजा होते असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

इथे थांबता आलं असतं. पण पुढचंही तिला सांगणं मला भाग वाटलं. माणसांवरचे बरेचसे अभ्यास जुन्या, कमी ताकदीच्या मशीनच्या काळातले आहेत. १९९२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने गर्भाच्या तपासणीसाठी लहरींच्या ताकदीची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॅटवरून ७२० वर नेण्याची मुभा दिली. अट अशी: ऊष्मा किती वाढू शकेल याचा अंदाज पडद्यावर दिसला पाहिजे, म्हणजे तपासणारा लक्ष ठेवील. कोपऱ्यातला आकडा तोच. ते थर्मामीटर नव्हे, अंदाजच. पण हाड तयार होऊ लागलं की ते ऊष्मा शोषतं आणि कवटीला लागूनच मेंदू असतो, म्हणून दहा आठवड्यांनंतर टीआयबी बघायचा. साध्या चित्रात तो सहसा कमी असतो. पल्स्ड डॉपलरमध्ये सगळा जोर एकाच रेषेवर पडतो, म्हणून चढतो. अकरा ते चौदा आठवड्यांत डॉपलर लागलाच तर हा आकडा १ च्या आत आणि वेळ शक्य तितका कमी, असं इसुओग ही प्रसूतीतल्या सोनोग्राफीची आंतरराष्ट्रीय संघटना सांगते.

हे सगळं मला पाठ होतं. मर्यादा ज्यांच्या भरवशावर वाढवली त्यांच्यातली मी एक, आणि तो आकडा मी कित्येक दिवसांत वाचलाच नव्हता.

“एवढ्या मिनिटभराने बाळाला काही झालं असेल असं मला वाटत नाही,” मी म्हणाले. “पण नुसतं ऐकवण्यासाठी डॉपलर लावायला नको होता. चूक माझी.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “ठोके मोजायचे राहिलेत ना? मोजा.”

डॉपलरऐवजी एम-मोड, म्हणजे हृदयाची हालचाल रेघेत दाखवणारी पद्धत, लावला, काही सेकंदांत रेघ उमटली, चित्र फ्रीज करून प्रोब बाजूला ठेवला आणि मग निवांत मोजलं. १५८. नवऱ्याने त्या थांबलेल्या रेघेचा फोटो घेतला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मशीनचा प्रीसेट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज, उघडला. पहिल्या तिमाहीसाठी डॉपलरची पॉवर खाली आणून ठेवली. आता लागलाच तर आलेख थोडा फिकट येतो, पण वाचता येतो.