आमच्या कॉलनीची बाग : आधी नकाशा, मग माती

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. कर्नाळ रोडकडच्या आमच्या कॉलनीत माणसं घरं धुऊन, सामान वाळवून मार्गी लागली. बाग तशीच पडून राहिली. घसरगुंडीचं खालचं टोक गाळात रुतलेलं. गाळ वाळून दगडासारखा झाला आणि त्यावर छातीएवढं गाजरगवत माजलं. जुलै 2021 च्या पुरात उरलीसुरली हिरवळही गेली. मग राडारोडा पडू लागला.

साफसफाईला हात भरपूर होते. गाडं अडलं ते जागा कुणाच्या ताब्यात आहे यावर. जो तो पुढच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. बाग का सुधारत नाही, असलं काही विचारलं नाही. फक्त लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत मागितली. कागद मागितला की टोलवाटोलवीला फारशी जागा उरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नकाशावर आमची बाग 'खुली जागा' म्हणून स्वच्छ दाखवलेली होती. ती प्रत आणि सिटी सर्व्हेचा उतारा निवेदनाला जोडला, घरटी एक सही घेतली. त्यानंतर राडारोडा उचलायला ट्रॅक्टर आला, कुंपणही मंजूर झालं.

रोपं लावायची सगळ्यांनाच घाई झाली होती. आष्ट्याच्या मामांनी जमिनीत पहार मारून बघितली आणि म्हणाले, "पाणी तुंबलं की मुळं कुजत्यात. आधी चर काढा, झाडाचं मग बघू." त्यांचं ऐकलं ते फार बरं झालं. उताराच्या बाजूनं चर काढला, गाळ फोडून त्यात शेणखत मिसळलं, माती उंच करून घेतली आणि मग करंज, कडुनिंब, बहावा लावला. गाजरगवत फुलावर यायच्या आत, हातमोजे घालून मुळासकट उपटलं. फुलल्यावर हात लावला तर बी पसरतं, आणि कित्येकांच्या अंगाला खाज सुटते.

आता उन्हाळ्यात पाण्याच्या पाळ्या लावल्यात. आमच्या गल्लीकडे गुरुवार आणि रविवार. पाळी चुकली, तर समोरच्या काकूंचा फोन येतो.