साडेसोळा फूट

मे २०२३ मधे आम्ही शेताची मोजणी करून घेतली. कारण साधंच होतं. रानडुकरं आणि हरणं पेरलेलं निम्मं खाऊन जायची म्हणून तार कंपाऊंड करायचं ठरवलं, आणि तार ओढायची तर हद्द कुठपर्यंत आहे हे पक्कं पाहिजे ना. औसा तालुक्यात आमचं १ हेक्टर २१ आर आहे, म्हणजे तीन एकरच धरा. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात गेले होते, वारसाचा फेर झाला होता, सातबारावर आई, मी आणि बहीण अशी नावं लागली होती. मी स्वतः लातूरला एका क्लासमधे आठवी ते दहावीला गणित शिकवतो, शेतात शनिवार-रविवारी जातो.

मोजणीचा माणूस रोव्हर घेऊन आला. काठीवर बसवलेलं यंत्र असतं ते, उपग्रहाकडून जागा घेतं. पूर्वी साखळी असायची, ३३ फुटांची, तिचे सोळा आणे म्हणजे सोळा भाग, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे बरोबर १०८९ चौरस फूट, एक गुंठा. मी पोरांना क्षेत्रफळ शिकवताना हेच उदाहरण देतो, गावाकडच्या पोरांना ते लगेच कळतं. तर दोन-अडीच तासांनी तो माणूस उत्तरेच्या बांधाकडून आमच्या रानात आत चालत आला, थांबला, चुन्याची फक्की टाकली आणि म्हणाला, "भाऊ, तुमची हद्द हितं येती."

बांध पलीकडं होता आणि खूण अलीकडं. मधे साडेसोळा फूट. बरोबर अर्धी साखळी.

लांबी ३३० फूट. तोंडीच हिशोब झाला माझा, पाच गुंठे.

उत्तरेकडचा गट माझ्या चुलत्याचा. चुलते २००५ ला गेले, आता तिथं काकू एकट्याच असतात, त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. लगतधारक म्हणून त्यांना मोजणीची नोटीस गेली होती पण पोराला सुट्टी मिळाली नाही आणि काकूंना कागदातलं काही कळत नाही, "तुमी हाव की" म्हणाल्या. म्हणजे त्या दिवशी त्यांच्या बाजूनं तिथं कुणीच नव्हतं. दीड महिन्यानं नकाशाची क प्रत माझ्या हातात आली, मी ती घरी नेली आणि दादांच्या ट्रंकेत खताच्या पावत्यांखाली ठेवली.

आता खरं सांगतो. मला धक्का बसला असं मी तेव्हा आईला म्हणालो, पण तसं नव्हतं. मला माहीत होतं.

माझा जन्म भूकंपाच्या वर्षीचा, १९९३ चा. चुलते गेले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या उन्हाळ्यात एका रात्री जेवणं झाल्यावर दादा मला म्हणाले, चल शेतात. हातात पहार होती. उत्तरेच्या बांधाच्या टोकाला हद्दीचा धोंडा होता, गुडघ्याएवढा, निम्मा जमिनीत. दादांनी भोवतीनं उकरलं, पहार घातली, तो हलला. त्याच्याखालची माती तेवढी जरा गार होती आणि मुंग्यांची पांढरी अंडी होती, बॅटरीच्या उजेडात मुंग्या ती उचलून इकडंतिकडं पळायला लागल्या, आणि मी त्यांच्याकडंच बघत राहिलो म्हणून उजेड सरकला. दादा म्हणाले, "बॅटरी नीट धर." बास, त्या रात्री तेवढंच बोलले. दोघांनी मिळून धोंडा लोटत नेला, नवीन खड्ड्यात बसवला, पुढच्या पेरणीला बांध त्या रेषेत गेला. गावात याला बांध कोरणं म्हणतात, बहुतेक लोक वर्षाला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, असं हळूहळू कोरतात. दादांनी एका रात्रीत केलं कारण त्या घरात बघणारं कुणी उरलं नव्हतं. काकू तेराव्यातून उठून नुकत्या बाहेर पडायला लागल्या होत्या आणि चुलतभाऊ पाच वर्षांचा होता.

दादा वाईट माणूस नव्हते हे मी कुणालाही सांगेन. माझ्या फीसाठी त्यांनी बैल विकलेला मी पाहिलाय. पण हे त्यांनी केलं, आणि बॅटरी माझ्या हातात होती.

क प्रत ट्रंकेत गेल्यानंतरचे सहा-सात महिने मला नीट लिहायचे आहेत, कारण ही पोस्ट खरं तर त्यांच्याबद्दलच आहे. त्या काळात मी स्वतःवर जेवढं काम केलं तेवढं आयुष्यात कधी केलं नव्हतं. पहाटे पाचला उठायचो, पळायला जायचो, रोज डायरी लिहायचो, मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवायचो, तंबाखू सुटली, इंग्रजी बोलायचा सराव सुरू केला. या सगळ्या चांगल्याच गोष्टी आहेत, त्यातल्या बऱ्याच आजही चालू आहेत. आणि काकूंचं तर विचारूच नका. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं, पाण्याची मोटार जळली तर स्वतःच्या पैशानं भरून दिली, पीक विम्याचा फॉर्म भरला, चुलतभावाला गाडी घेताना पाच हजार दिले, परत नको म्हणालो. गावात लोक म्हणायला लागले की पुतण्या असावा तर असा. मी सगळं करत होतो, फक्त एक गोष्ट सोडून.

सोपा रस्ता म्हटलं की आपल्याला आळशी माणूस दिसतो, झोपलेला, टाळाटाळ करणारा. माझ्या सोप्या रस्त्यावर मी रोज घाम गाळत होतो. डायरी रोज भरत होती आणि त्या डायरीत साडेसोळा फूट हे शब्द एकदाही आले नाहीत, मी नंतर मुद्दाम पानं चाळून बघितली.

आणि त्या रस्त्याला माणसं पण चांगली भेटतात. एका वकील मित्राला विचारलं तर तो म्हणाला, बारा वर्षांच्या वर उघड ताबा आहे, कोर्टात गेलं तरी तुझ्याच बाजूनं बोलता येईल, तू कशाला डोकं खराब करतोस. तो मला वाचवायलाच बघत होता. मी सलोखा योजना पण वाचून काढली, २०२३ च्या जानेवारीत आली ती, हजार रुपये मुद्रांक आणि हजार नोंदणी फी, पण ती अदलाबदलीसाठी आहे, याची जमीन त्याच्या ताब्यात आणि त्याची याच्या. आमच्यात अदलाबदल नव्हती. आमच्यात सगळं एकतर्फी होतं, आणि दस्तऐवज करायचा प्रश्नच नव्हता कारण सातबाऱ्यावर दोघांचंही क्षेत्र बरोबरच होतं. कागद पहिल्यापासून खरे होते, खोटा होता तो बांध.

पैशाचा हिशोबही केला, लपवत नाही. साडेसोळा फुटात सोयाबीनचे अकरा तास बसतात. पाच गुंठ्यात चांगल्या वर्षी क्विंटलभर माल, त्या साली हमीभाव ४६०० होता. खर्च काढला तर वर्षाला दोन-अडीच हजार हातात राहतात. एवढ्यासाठी मी झोप घालवत होतो का? नाही. मला दादा जपायचे होते. म्हणजे मी स्वतःला तसं सांगत होतो, आणि या कारणापुढं कुणी काही बोलू शकत नाही, मेलेल्या बापाची इज्जत. त्यामुळेच ते इतके दिवस टिकलं.

मग ११ जानेवारी २०२४ ला येळवस आली. लातूर-धाराशिवकडच्या लोकांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगतो, वेळाअमावस्येला आमच्याकडं अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव मांडायचे, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना बोलावून जेवू घालायचं. आणि पूजा झाली की आंबील शिंपडत शेताला फेरी मारायची. ही फेरी दादा मारायचे, ते गेल्यावर पहिल्या येळवशीला सुतक म्हणून आम्ही काही केलं नव्हतं. या वेळी मडकं माझ्या हातात आलं.

पूर्वेकडून निघालो. हरभरा घाट्यात आला होता, पाय ओले होत होते. उत्तरेच्या टोकाला धोंड्यापाशी पोचलो आणि थांबलो. धोंड्याला धरून वळायचं की चुन्याची खूण होती तिथून वळायचं, हेच कळेना. ज्या जमिनीला आपण आई म्हणून आंबील शिंपडतो तिच्यापुढं कुठली रेष धरून चालायची. मागं भाचा होता सहा वर्षांचा, तो म्हणाला मामा चल ना. पलीकडं वीस पावलांवर काकू त्यांच्या कोपीपुढं एकट्याच बसल्या होत्या, पोरगं चाकणला, त्यांनी पण उंडे केले होते, त्यांच्याकडं जेवायला अजून कुणी आलं नव्हतं. मी मडकं भाच्याच्या हातात दिलं आणि बांध ओलांडून गेलो.

कसं बोललो ते नीट आठवत नाही. धोंड्याचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं, क प्रतीचं सांगितलं. काकू बराच वेळ खाली बघत होत्या, मग एवढंच म्हणाल्या, "आंदी जेव." मी जेवलो. त्यांनी वाढलेला उंडा माझ्या घशाखाली उतरत नव्हता आणि त्या परत परत वाढत होत्या.

आईनं रात्री घर डोक्यावर घेतलं. "काय करलालास रे हे? जिवंत होते तवा एक शबूद बोललास का? आता मेल्यावर चोर करतूस व्हय त्यन्ला?" यातला दुसरा प्रश्न बरोबरच होता आणि त्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही. दादा असताना मी बोलू शकलो असतो, बोललो नाही. आई नंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलली. बहीण म्हणाली, मी सही कुठं पाहिजे तिथं करते पण आईला तूच सांभाळ.

चुलतभावाचा फोन तिसऱ्या दिवशी आला. मला वाटलं होतं तो जरा तरी बरं बोलेल. तो म्हणाला, "आठरा वर्षाचं काय? आमी रेशनवर जगलो त्या आठरा वर्षाचं काय करतूस?" आणि मग दादांना जे बोलायचं ते सगळं बोलला, माझ्या बापाला, ज्यांनी माझ्यासाठी बैल विकला त्यांना. फोन ठेवावा वाटत होता, पण कानाला धरून ठेवला. सात महिने ज्या गोष्टीला भ्यायलो होतो ती हीच होती, हे तेव्हा कळालं, पाच गुंठे नव्हे. शेवटी मी म्हणालो हिशोब कर, तू म्हणशील तो, मी हप्त्यानं देतो. त्यानं फोन कट केला. मीच मग एक आकडा धरला आणि महिन्याला दोन हजार काकूंच्या खात्यावर टाकायला लागलो, अजून चालू आहेत. डोळ्याचं ऑपरेशन आणि मोटारीचा खर्च त्यात धरला नाही. धरावा असं एकदा मनात आलं होतं.

हरभरा निघाल्यावर, पाडव्याच्या आधीच्या रविवारी धोंडा हलवला. यावेळी दिवसा. गावातले चौघं होते, सरपंचांना पण बोलावलं होतं कारण जे रात्री गुपचूप झालं ते दिवसा चारचौघात व्हावं असं मला वाटत होतं. पहार तीच, दादांची. आई येणार नाही म्हणाली होती, पण मधेच मान वर केली तर लिंबाच्या झाडाखाली येऊन उभी होती. ते झाड आता काकूंच्या हद्दीत गेलंय. दुपारच्याला आई त्याच्याखालीच बसून खुरपं घासायची. त्या दिवसापासून ती तिथं बसत नाही, काकूंनी दोनदा हाक मारली तरी कोपीकडंच जाते. बोललो तिला, म्हणाली, बसंल कवातरी.

तार कंपाऊंड झालं, खरी रेष धरून. जूनमधे काकूंच्या बाजूला अकरा तास जास्तीचे पडले, उगवण चांगली झाली, पावसानं साथ दिली. चुलतभाऊ पेरणीला आला होता, माझ्याशी बोलला नाही. मी बांधावरून बघत होतो, तो तिफण धरून नवीन रेषेपर्यंत आला, वळायच्या आधी धोंड्याला पाय लावून बघितला, पक्का आहे का ते.

परवा रात्री मोबाईल वाजला. मोजणीची जेवढी फी मी भरली होती तिचे बरोबर निम्मे पैसे त्यानं फोनपेवर पाठवले होते. मेसेज काही नव्हता.