उजव्या कोपऱ्यातलं नाव

दिवाळीत कोल्हापूरला घरी गेलो होतो तेव्हा गल्लीच्या तोंडावरच्या किराणा दुकानाची पाटी उतरवत होते. पत्र्याची पाटी, निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल शेड, आणि मधेच एक नारळ काढलेला ज्याचा त्या दुकानाशी काय संबंध ते मला अजून कळलेलं नाही. तिच्या जागी आतून लाईट लागणारा बोर्ड येणार होता. दुकानदार म्हणाला, न्हेतोस काय, भंगारवाल्याला द्यायचीच हाय. मी उचलली. खाली उजव्या कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढ्या अक्षरात नाव असायचं, तिथे गंजानं पहिला शब्द खाल्ला होता आणि फक्त 'पेंटर' तेवढं उरलं होतं.

त्या पेंटरना आम्ही पोरं नुसतं पेंटरकाका म्हणायचो. त्यांचं आडनाव काय होतं हे मला ते गेल्यावर, चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वाचून कळलं. (हो, फ्लेक्सवरच. काय बोलणार.)

बाकी गावांचं माहीत नाही पण आमच्याकडे 'पेंटर' हा धंदा कमी आणि आडनाव जास्त. म्हणजे माणूस पाट्या रंगवायला लागला की दोनचार वर्षांत त्याचं खरं आडनाव रेशनकार्डापुरतं उरतं. आणि याची सुरुवात जिथून झाली तो माणूस काकांच्या दुकानात भिंतीवर होता, कुठल्याशा कॅलेंडरमधून कापलेला, काच तडकलेली, दसऱ्याला झेंडूची माळ. बाबूराव पेंटर, नाटकाचे पडदे रंगवता रंगवता पुढे सिनेमे काढणारे कोल्हापूरचे चित्रकार. त्यांचंही खरं आडनाव मेस्त्री, बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म ३ जून १८९०. लोकांनी पुढे 'कलामहर्षी' लावलं, चांगलं भारदस्त, पण मागचं 'पेंटर' काही कोणी काढलं नाही, आणि मला वाटतं काढायला गेलं असतं तर गावानं ऐकलंही नसतं.

काका त्यांच्या गोष्टी अशा सांगायचे की जणू काल दुपारी दोघं मिळून चहा पिऊन आलेत. आता बाबूराव वारले १६ जानेवारी १९५४ ला आणि काका जन्मले त्याच्या बऱ्याच नंतर, त्यामुळे ते शक्य नव्हतं, पण दहा वर्षाच्या पोराला हा हिशेब कुठे जमतो. मोठेपणी मी वाचून पडताळत गेलो तेव्हा मजा अशी झाली की काकांचा तिखटमीठ काढून टाकल्यावर जे उरलं ते जवळजवळ सगळं खरं निघालं.

म्हणजे शाळेत जाऊन चित्रकला शिकलेच नाहीत हे खरं. घरात वडिलांच्या हातात कारागिरी, सुतारकाम काय कोरीवकाम काय, ते बघत बघत पोरगं शिकलं. चुलतभाऊ आनंदराव, तेही तसेच. त्या वेळी कोल्हापुरात आबालाल रहिमान यांच्यासारखे मुंबईच्या जेजे मधून शिकून आलेले चित्रकार होते, नाही असं नाही, पण हे दोघे भाऊ शिकले ते नाटकाच्या पडद्यांवर. संगीत नाटकांचा जमाना, केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श वगैरे, आणि नाटक म्हटलं की पडदे आले, राजवाड्याचा, रस्त्याचा, जंगलाचा. केवढं तरी मोठं कापड आणि बघणारा लांब बसलेला, वर दिव्यांचा उजेड, म्हणजे जवळून बघितलं तर नुसते फटकारे आणि खुर्चीत बसलं की खांब गोल दिसायला पाहिजे. काका म्हणायचे बोर्डाचं पण तसंच हाय, बोर्ड हा लांबनं वाचायचा असतो, जवळ येऊन नाक लावून बघणाऱ्यासाठी न्हाई. आणि मग स्वतःच जवळ जाऊन नाक लावून बघायचे.

मग १९१३ साली फाळक्यांचा राजा हरिश्चंद्र आला आणि या दोन भावांच्या डोक्यात शिरलं की आपणही हलतं चित्र काढायचं. कॅमेरा आणायचा कुठून? तर बनवायचा. हे वाक्य मी किती वेळा लिहून खोडलं, कारण ते फार सोपं वाटतं. सिनेमाच्या कॅमेऱ्यात खरी गंमत काय असते, तर फिल्म सारखी पळत नसते. ती एक चित्रभर पुढे सरकते, थांबते, तेवढ्यात झडप उघडते, उजेड पडतो, झडप मिटते, परत सरकते. एका सेकंदात सोळाएक वेळा, आणि ते सगळं हातानं हँडल फिरवून. फिल्मच्या कडेच्या भोकांत एक नख अडकतं आणि तिला खाली ओढतं, ते नख केसभर जरी चुकलं तरी पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरायला लागणार. बरं, प्रोजेक्टरच्या पोटात पण हीच यंत्रणा असते, फक्त उजेड उलट दिशेनं जातो. म्हणून हे लोक प्रोजेक्टर बघून, त्याचं नख कसं चालतं ते समजून घेऊन कॅमेऱ्याच्या मागे लागले. मधेच १९१६ ला आनंदराव गेले. बाबूरावांच्या हाताशी मग विष्णुपंत दामले, यंत्रात डोकं चालणारा माणूस, आणि दोन वर्षांनी, १९१८ च्या सुमाराला, कोल्हापुरात, घरच्या घरी, कॅमेरा चालला.

कोल्हापूरच्या माणसाला यात आश्चर्य वाटत नाही ही अजून एक गंमत. पुढे उद्यमनगरात ज्यांनी बघून बघून इंजिनं आणि मशिनं बनवली तेही मेस्त्रीच. आमच्याकडे कुठलीही वस्तू बंद पडली की पहिला प्रश्न, खोलून बघितलास काय?

गायिका तानीबाई कागलकरांनी भांडवल दिलं, शाहू महाराजांनी पाठबळ दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आर्यन थिएटरात सैरंध्री लागला आणि त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की पुढे तो कापायला लागला. त्याच वर्षी टिळक गेले, पण त्याआधी त्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. ही गोष्ट सांगताना काका हातातला ब्रश खाली ठेवायचे.

पण मला सांगायचंय ते हे नाही. मला सांगायचंय ते दुकानातल्या बाकड्याबद्दल.

काकांच्या दुकानात एक बाकडं होतं आणि त्यावर कोणीही बसू शकायचं. फी नाही, चौकशी नाही, कुणाचा तू असं पण नाही. चारआठ दिवस नुसता बसलास की एक दिवस काका डब्यातला केस गेलेला ब्रश तुझ्या हातात देणार आणि म्हणणार, रेघ मार. खडूच्या पुडीतनं दोरा ओढायचा, दोन टोकं दोघांनी धरायची, मधे टिचकी, पत्र्यावर सरळ पांढरी रेघ. त्यावर शिरोरेषा. काकांची पद्धत म्हणजे आधी सगळी शिरोरेषा मारून घ्यायची आणि मग अक्षरं एकेक करून टांगायची, तारेवर धुणं वाळत घालतात तशी. "आरं र ला पोट दे की, उपाशी दिसतोय." मी तिथे दोन उन्हाळे बसलो, माझा हात काही वळला नाही, शेवटी मी कॉमर्सला गेलो, पण अजूनही कुठे वाकडा 'र' दिसला की मला भूक लागल्यासारखं होतं.

बाबूरावांकडे पण असंच बाकडं असणार असं मला आपलं वाटतं. कारण तिथे येऊन बसलेली माणसं बघा. फत्तेलाल, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणायचे, त्यांचा जन्म १८८६ चा, म्हणजे शिष्य गुरूपेक्षा चार वर्षांनी मोठा. दामले तर आलेच. मग एक शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा, ज्यानं तिथे पडेल ते काम केलं, आणि १९२५ च्या सावकारी पाश मध्ये त्यालाच बाबूरावांनी शेतकरी म्हणून उभं केलं, तो शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. देवादिकांचे आणि राजेरजवाड्यांचे सिनेमे चाललेले असताना कर्जात बुडालेला शेतकरी. तो पोरगा म्हणजे व्ही. शांताराम. आणि या सगळ्यांना तिथे काय बघायला मिळालं तर सगळंच. सेटचं डिझाईन हा माणूस स्वतः काढायचा, कपड्यांची चित्रं स्वतः, दिग्दर्शन स्वतः, पोस्टर पण स्वतःच रंगवायचा. एका छपराखाली सगळं खातं उघडं, कुठेही डोकावा.

आता तालमीच्या गावात एक म्हण सारखी ऐकू येते की वस्ताद सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो. मांजरानं वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढायचं तेवढं शिकवलं नाही, म्हणून मावशी वाचली. आम्हाला लहानपणी हे शहाणपण म्हणून सांगितलेलं आहे. आणि खोटं नाही ते, धंद्यात बघतोच की आपण, ऑफिसात एक्सेलची एक फाईल असते जिचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत असतो आणि तो माणूस रजेवर गेला की सगळ्यांचा श्वास अडकतो.

१९२९ च्या जूनमध्ये प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, कोल्हापुरातच. पाच भागीदार, त्यातले चार, शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर, बाबूरावांकडून बाहेर पडलेले. एकदम चार. जाताना ते काय घेऊन गेले, तर सिनेमा अख्खा घेऊन गेले, कॅमेरा कसा चालतो, सेट कसा उभा करायचा, उजेड कुठून टाकायचा, नटाला कुठे उभा करायचा. राखून ठेवलेला डाव असता तर तो तेव्हा निघाला असता ना? निघाला नाही. प्रभात पुढे पुण्याला गेली, दामले-फत्तेलाल यांनी १९३६ ला संत तुकाराम केला, व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आणि इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली.

बाबूरावांनी नंतर मोजके बोलपट केले, १९३६ ला सावकारी पाशच परत बोलता केला आणि त्यात चंद्रकांत मांडरे नावाचा तरुण नट घेतला, जो चित्रकारही होता. राजारामपुरीत या मांडऱ्यांचं म्युझियम आहे, गेलात तर जरूर बघा, तिथली निसर्गचित्रं बघून मी बाहेर आलो तेव्हा रिक्षावाल्याला पत्ता सांगायचंच विसरलो होतो. आणि मग बाबूराव परत रंगांकडे, मातीकडे गेले. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा त्यांच्या हातचा. त्या जागी आधी विल्सन गव्हर्नरचा पुतळा होता. मी कॉलेजात असताना त्या चौकात रोज मित्रांची वाट बघत उभा राहायचो, पुतळ्याकडे पाठ करून, आणि हे मला माहीत नव्हतं.

पेंटरकाकांकडून शिकून दोन पोरं बाहेर पडली. एकानं समोरच्याच लाईनीत दुकान टाकलं, अगदी समोर, आणि त्याच्याकडे शिडी नव्हती तर काकांचीच न्यायचा. गल्लीतल्या बायका काकूंना म्हणायच्या अहो सांगा की ह्यांना जरा, काकू म्हणायच्या मी सांगून दमले. दुसऱ्यानं फ्लेक्सचं मशीन आणलं. तेव्हा मात्र काका दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या पोराकडे जाऊन मशीन बघत बसले, तासभर, शाई कुठून येते, कापड कसं सरकतं, आणि येऊन मला म्हणाले, "हलतंय बघ थांबून थांबून. कॅमेऱ्यागत." एवढंच. त्यात कौतुक होतं का दुसरं काही हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही, आणि नंतर विचारायचं राहून गेलं. मग हळूहळू कामं कमी झाली, नंबर प्लेटा राहिल्या, मग सरकारी नंबर प्लेटा आल्या आणि त्याही गेल्या. शेवटी शेवटी शाळांच्या भिंतींवरचे सुविचार लिहायचे. त्यात पण शिरोरेषा आधी.

यावेळी परत येताना खरी कॉर्नरला थांबलो. तिथे बाबूरावांच्या स्मृतीचा कॅमेरा स्तंभ आहे, चौकाच्या गर्दीत, वर कॅमेरा. बाजूला गाड्या लावलेल्या, एक भेळवाला, आणि मागे कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स, भावी कोणीतरी, गॉगल लावून. मी फ्लेक्सचा खालचा उजवा कोपरा बघितला. तिथे फोन नंबर होता.

पाटी मी पुण्याला आणायची म्हणत होतो पण चार फुटी पत्रा एसटीत कोण घेऊ देणार. आईनं ती परसात बंबाच्या लाकडांवर टाकली, पावसाचं पाणी लागू नये म्हणून. मी म्हटलं टाक, पण अक्षरं वर करून टाक. ती म्हणाली, म्हणजे रंग जाईल की उन्हानं. मग आम्ही दोघांनी ती उलटी केली.