लोंबत्या पॅन्सी बियांपासून : ऑक्टोबर ते जानेवारी

खानदेशात पॅन्सीचं (थंडीत फुलणारं, रंगीत फुलांचं छोटं रोप) सगळं गणित बी उगवायच्या पहिल्या पंधरवड्यातच सुटतं किंवा फसतं. बियाला १८ ते २२ अंश हवेत. २६-२७ च्या वर गेलं की चांगलं बीसुद्धा ढिम्म बसून राहतं. आणि आमच्याकडे चोपड्याला ऑक्टोबर हीटमध्ये दुपारचा पारा ३५ च्या घरात. बरं, थंडी पडायची वाट पाहावी तर टांगती टोपली रोपांनी भरेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि मार्चचं ऊन तिला करपवतं. म्हणजे पेरायचं गरमीतच, फक्त बियाला ती कळू द्यायची नाही.

यंदा गावातलं जुनं धाब्याचं घर कामी आलं. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, म्हणजे सपाट छप्पर. मधल्या खोलीत भर दुपारीही गार वाटतं. पपई-टरबुजाच्या रोपांसाठी वापरतात तोच प्रो-ट्रे (खणाखणांचा रोपांचा ट्रे) कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने भरला, बी टाकून वर अगदी पातळ थर दिला. खाली ओलं गोणपाट, वर काड्यांच्या आधाराने दुसरं. पाऊस गेला की इकडची हवा कोरडी होते, म्हणून ओल्या गोणपाटाचा गारवा खरंच लागतो. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय फारसा चालायचा नाही. वर अंधारही आयताच मिळतो, आणि पॅन्सी अंधारात जास्त एकसारखी उगवते. शेजारच्या काकू डोकावल्या, "हाई कसानं बी शे रे भो? खावाले कामे येस का?" फुलं खातात म्हटल्यावर विश्वास बसला नाही त्यांचा, पण खरंच खातात.

बी तिळापेक्षा लहान, तपकिरी, चकचकीत. आधी पांढरं मूळ बाहेर येतं, मग वाकलेली मान, आणि काही रोपांच्या पानांवर बियाचं टरफल टोपीसारखं अडकून राहतं. ते ओढायचं नाही, पाण्याचा फवारा मारला की सुटतं. मान दिसली की गोणपाट काढायचंच, नाहीतर रोपं उजेडासाठी ताणून लांबोडकी होतात. पाणी ट्रेखालून आणि सकाळीच. संध्याकाळी वरून पाणी घातलं की मर रोगाला (बुरशीने कोवळी रोपं कोलमडतात) आमंत्रण.

बी कूल वेव्ह मालिकेतलं, संकरित. साधी पॅन्सी वर वाढते. ही जमिनीलगत फांद्या टाकते. उंची १५ ते २० सेंटीमीटर, पसारा ६० ते ७५ पर्यंत. म्हणून शेंडा खुडायची गरज नसते. तरी थोड्या रोपांचे शेंडे मुद्दाम खुडून पाहिले. ती जराशी दाट झाली, पण फुलं मागे पडली. आपल्याकडे हंगाम आधीच तोकडा, त्यामुळे मी यापुढे खुडणार नाही.

खरी डोकेदुखी पाण्याची. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठावर पांढरा थर धरणारं. पॅन्सीला सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा) ५.५ ते ६ च्या आसपास हवा; तो चढला की लोह असून नसल्यासारखं. नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. बोरॉन अडलं की खूण वेगळी: कोवळी पानं जाड, सुरकुतलेली, वेडीवाकडी, आणि शेंडा जागच्या जागी खुंटतो. याला रोग समजून बुरशीनाशक फवारू नका. मी आरओचं शुद्ध पाणी घालतो (त्यातून वाया जाणारं नव्हे, त्यात क्षार जास्त) आणि लोह ईडीडीएचए चिलेटमधून देतो (चिलेट म्हणजे लोहाला धरून ठेवणारं, रोपाला घेता येईल असं रूप). दुसरं चिलेट, ईडीटीए, चढ्या सामूत टिकत नाही. बोरॉन केळीला सांगतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. जास्त झालं तर पानांच्या कडा जळतात.

खताचंही तसंच. घरोघरी ठिबकवाल्यांचं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) पडलेलं असतं, पण त्यातलं बरंच नत्र युरिया नि अमोनियाचं. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला की टोपलीतलं माध्यम गार पडतं, अमोनियाचं नायट्रेट होणं मंदावतं आणि मुळांना त्रास होतो. मग कॅल्शियम नायट्रेट आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आलटून पालटून, पातळ. दोन्ही एकाच वेळी आणि तेही भरपूर देण्याचा मोह होतो, तो टाळलेला बरा.

टोपल्या पूर्वेच्या ओसरीत टांगल्यात. सकाळचं ऊन पुरे, दुपारचं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फांद्या काठावरून खाली उतरल्या; पिवळ्या रंगाचं रोप सगळ्यांत पुढे, जांभळं सगळ्यांत आळशी. सुकलेली फुलं देठासकट काढतो. काही बोंडं मात्र ठेवलीत: बोंड आधी खाली मान घालून असतं, पिकलं की वर वळतं, मग तीन फाका होऊन बी उडतं. वर वळल्याबरोबर त्यावर मलमलीची पुरचुंडी बांधायची. संकरित असल्याने पोरं आईसारखी निघणार नाहीत, पण लोंबण्याचा गुण कितपत उतरतो ते मला पाहायचंय.

नंदुरबारच्या तोरणमाळकडे, थंड हवेच्या डोंगरावर कुणी पॅन्सी लावल्या असतील तर पेरणी कधी केली आणि मार्चात टोपल्या टिकल्या का, ते सांगा. तिथे आपल्यापेक्षा महिनाभर तरी जास्त फुलं मिळावीत असा माझा अंदाज आहे.