पाय, सॉकेट आणि अर्धं कोर्ट

'शाळेने मला काय दिलं' या विषयावर स्मरणिकेसाठी चार पानं लिहून दे, असं समितीने कळवलं तेव्हा मी सरळ विषय बदलून मागितला. संस्कार, शिस्त आणि गुरुजनांचे ऋण यांवर माझ्याहून चांगलं लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला लिहायचं होतं बॅडमिंटनपटू मानसी जोशीबद्दल. ती आपल्या शाळेची नाही, आपल्या गावाची नाही, आमची ओळखही नाही. पण शाळेमुळे लागलेली बॅडमिंटनची गोडी आणि पुढे पोटापाण्यासाठी धरलेला धंदा या दोन्ही गोष्टी तिच्या कारकिर्दीत अशा काही एकत्र येतात, की ती खेळायला लागली की मला दोन्ही डोळ्यांनी दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक डोळा शटलवर, दुसरा तिच्या डाव्या पायावर. मी कृत्रिम पाय बनवते.

आपल्या वेळचं बॅडमिंटन आठवतं ना? पटांगणात दोन बांबू, मध्ये जाळी, फक्कीने मारलेल्या रेषा. वारा सुटला की शटल थेट मुलांच्या स्वच्छतागृहाच्या कौलांवर. पी.टी.चे सर त्यासाठी आकडा लावलेली काठीच बाळगायचे. आमच्या वर्गातला एक मुलगा पोलिओमुळे पायाला आधार देणारा कॅलिपर घालून यायचा. तो खेळत नसे, गुण मोजायचा. तेव्हा सर्व्हिस असेल तरच गुण मिळायचा, त्यामुळे हिशेब किचकट. पण त्याची चूक कधी झाली नाही. कोण कुठे चुकतंय, कोणाचा बॅकहॅन्ड कच्चा आहे, हे तो बसल्या जागी बरोब्बर सांगायचा. त्याच्या हातात रॅकेट द्यावी असं कोणालाही सुचलं नाही. सुचणार कसं? पायाने अधू माणूस बॅडमिंटन खेळतो हे आमच्यापैकी कोणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

मानसी वाढली मुंबईत, अणुशक्तीनगरला. वडील भाभा अणुसंशोधन केंद्रात. सहा वर्षांची असताना त्यांच्यासोबतच तिने रॅकेट धरली. के. जे. सोमय्या महाविद्यालयातून २०१० साली इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर झाली, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागली. चार मध्यमवर्गीय घरांत घडतं तसंच सगळं. २ डिसेंबर २०११ ला दुचाकीवरून जाताना ट्रकने धडक दिली आणि डावा पाय गेला. अपघाताबद्दल मी एवढंच लिहिणार आहे. तिच्यावरच्या लेखांत निम्मी जागा त्या ट्रकनेच अडवलेली असते आणि खेळाला जेमतेम एक परिच्छेद उरतो.

पुढचा क्रम सांगते. कृत्रिम पायावर चालायला लागल्यावर एका कॉर्पोरेट स्पर्धेत ती खेळली आणि जिंकली, तेही धडधाकट खेळाडूंसमोर. नीरज जॉर्ज या पॅरा-बॅडमिंटनपटूने तिला या खेळाकडे, म्हणजे अपंग खेळाडूंच्या बॅडमिंटनकडे वळवलं. २०१४ च्या इंचॉन आशियाई पॅरा स्पर्धेसाठी तिची निवड झाली नाही. पण २०१५ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलला झालेल्या जागतिक स्पर्धेत राकेश पांडेसोबत मिश्र दुहेरीचं रौप्य मिळालं. २०१७ ला कोरियात उल्सानला एकेरीचं कांस्य, २०१८ ला जाकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कांस्य. त्याच वर्षी ती हैदराबादला गोपीचंद अकादमीत दाखल झाली.

आता माझ्या कामाचं थोडं ऐका, म्हणजे पुढचं नीट समजेल.

गुडघ्याच्या वर पाय कापला गेला असेल तर कृत्रिम पायाचे ढोबळमानाने चार भाग असतात: मांडीचा उरलेला भाग ज्यात बसतो ते सॉकेट, मग गुडघ्याचा सांधा, नळी आणि पाऊल. लोक पावलाबद्दल विचारतात, गुडघ्याबद्दल विचारतात, कोणत्या देशाचा आहे म्हणून विचारतात. सॉकेटबद्दल कोणी विचारत नाही आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं. सॉकेट बनवताना मी आधी मांडीवर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळते, साचा घेते, त्यात प्लास्टर ओतून मांडीची प्रतिकृती काढते आणि मग कानस घेऊन बसते. जिथे हाड जवळ आहे तिथे प्लास्टर वाढवायचं, जिथे मांस दाब सोसेल तिथे घासून कमी करायचं. त्यावर तापवलेलं प्लास्टिक चढवून सॉकेट ओढून घ्यायचं. एवढं करून तो पाय घालून माणूस दोन समांतर दांड्यांमध्ये उभा राहतो आणि पहिलंच वाक्य येतं, "ताई, इथे बोचतंय."

त्यात मांडी काही तशीच राहत नाही. स्नायूंना पूर्वीचं काम उरत नाही, ते वाळतात. वजन कमी झालं की घेर कमी होतो. सॉकेट ढिलं पडतं, मग त्यात एक मोजा, दोन मोजे घालून वेळ मारून न्यायची. ढिल्या सॉकेटमध्ये मांडी आत वर-खाली सरकते. घाम येतो, कातडी सोलवटते. पाऊल टाकायचं ठरवल्यापासून ते खरोखर पडेपर्यंत मध्ये एक क्षण वाया जातो. भाजी आणायला जाताना त्या क्षणाने काही बिघडत नाही. समोरून नेटजवळ ड्रॉप, म्हणजे अलगद टाकलेलं शटल, आल्यावर मात्र तेवढ्यात गुण जातो.

म्हणून २०१९ साली जगज्जेती झाल्यावर मानसीने जे सांगितलं ते वाचून मी दुकानातच जोरात "बघा!" म्हणाले होते. आपण नवं सॉकेट वापरत आहोत, आधीचं पाच वर्षांहून जास्त वापरलं होतं आणि त्यामुळे व्यायामाला खीळ बसत होती, असं तिने नमूद केलं होतं. वजन उतरवलं, स्नायू कमावले, व्यायामशाळेत घाम गाळला, हे तर होतंच. पण तिला सॉकेटचा उल्लेख करावासा वाटला, याचं मला भारी अप्रूप. मेहनत वाढली की शरीर बदलतं, शरीर बदललं की सॉकेट बदलावं लागतं आणि त्याला पैसे लागतात. खेळायचा वेगळा पाय घ्यायचा तर हिशेब लाखांत जातो. जिद्द घरची असते, हे सगळं विकत घ्यावं लागतं.

दुसरी गोष्ट कोर्टाची. पॅरा-बॅडमिंटनमध्ये सहा गट आहेत. व्हीलचेअरचे दोन, उभं राहून खेळणाऱ्यांपैकी पायाच्या अपंगत्वाचे दोन, हाताच्या अपंगत्वाचा एक आणि कमी उंचीच्या खेळाडूंचा एक. मानसीचा गट एसएल३, म्हणजे पायाचं अपंगत्व जास्त असणाऱ्यांचा. या गटाची एकेरी अर्ध्या कोर्टवर होते. मधल्या रेषेची एकच बाजू, सर्व्हिस समोरासमोर. नेट मात्र तेवढ्याच उंचीचं आणि लांबी पुरती.

अर्धं कोर्ट म्हणजे सोपं, असं वाटत असेल तर एकदा आपल्या पटांगणात तशी रेघ मारून खेळून बघा. कोपरे गेले की फसवायची जागा जाते. तिरक्या फटक्याने समोरच्याला पळवून गुण काढता येत नाही. उरतं काय, तर मागे आणि पुढे. शटल उंच उडवून शेवटच्या रेषेपर्यंत न्यायचं, समोरच्याला मागे रेटायचं आणि मग अलगद नेटच्या पुढ्यात टाकायचं. रॅली लांबत जातात. मागून पुढे यायला चांगल्या पायाने झेप घ्यायची, पण परत मागे जाताना रेटा कृत्रिम पायावर येतो, आणि त्या पायाला घोटा वळवून जमीन ढकलणं ठाऊक नसतं. ते काम कंबर आणि मांडी करते. सामना बघताना मी तिची कंबर बघते. तिथे कळतं की सॉकेट घट्ट बसलंय की नाही.

स्वित्झर्लंडमध्ये बासेलला झालेल्या त्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात समोर पारुल परमार होती. गुजरातची पारुल ही या गटातली दादा खेळाडू. पोलिओ असलेली, मानसीहून वयाने बरीच मोठी आणि अनेक वर्षं जगज्जेती. आधी मानसी तिच्याकडून हरलेली. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र निकाल लागला २१-१२, २१-७. दुसऱ्या गेममधला तो सातचा आकडा मला फार बोलका वाटतो. बरोबरीच्या दोघींत असा आकडा लागतो तेव्हा एकीने दुसरीचा खेळ पाठ केलेला असतो.

त्याच बासेलमध्ये, त्याच दिवसांत पी. व्ही. सिंधूनेही जागतिक सुवर्ण जिंकलं. दोघींचा सराव हैदराबादच्या त्याच अकादमीतला. आपल्याकडे घराघरांत सिंधूचे पेढे वाटले गेले, ते योग्यच होतं. मानसीचं नाव बहुतेकांना काही दिवसांनी, समाजमाध्यमांवर 'अरे, हिचं कोणी बोललंच नाही' अशी हळहळ सुरू झाल्यावर कळलं. आपल्याकडे पॅरा खेळाडूला आधी हळहळ मिळते, टाळ्या मागाहून.

त्यानंतर बराच गौरव झाला. २०२० साली 'टाइम' नियतकालिकाने तिला नव्या पिढीच्या नेतृत्वात गणलं, तिच्यासारखी दिसणारी, कृत्रिम पायाची बार्बी बाहुली निघाली. माझ्याकडे येणाऱ्या एका छोटीच्या आईने तिला त्या बाहुलीचा फोटो मोबाइलवर दाखवला होता. पोरीने निरखून पाहिला आणि म्हणाली, "हिचा गुडघा काळा आहे, मला गुलाबी पाहिजे." गुलाबी मिळत नाही, म्हणून आम्ही सॉकेटच्या प्लास्टिकखाली फुलाफुलांचं कापड घातलं.

पण गौरव एकीकडे आणि नियमावली दुसरीकडे. पॅरा-बॅडमिंटन पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते टोकियोत, २०२१ साली. भारताने तिथे प्रमोद भगत आणि कृष्णा नागर यांची दोन सुवर्णं, सुहास यतिराज यांचं रौप्य, मनोज सरकार यांचं कांस्य अशी लूट केली. प्रमोद आणि मनोज दोघेही एसएल३ चे. मग मानसी कुठे होती? टोकियोत पुरुषांची एसएल३ एकेरी होती, महिलांची नव्हतीच. जगज्जेतीचा गटच कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. पारुल परमार टोकियोला गेली, पण वरच्या, म्हणजे कमी अपंगत्वाच्या गटात एकेरी खेळली आणि पलक कोहलीसोबत दुहेरी. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पूर्ण कोर्टवर. यावर कोणी मोर्चा काढला नाही. मला मात्र ही गोष्ट त्या अपघातापेक्षा जास्त खुपते.

मानसी खेळत राहिली. २०२२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली आली, अर्जुन पुरस्कार मिळाला. चीनमधल्या हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तुळसीमती मुरुगेसनच्या जोडीने दुहेरीचं रौप्य आणि एकेरीत कांस्य मिळालं. पॅरिसला २०२४ मध्ये अखेर महिलांची एसएल३ एकेरी आली. तेव्हा मानसी पस्तिशीत. पहिला सामना इंडोनेशियाच्या कोनिताह सियाकुरोहशी. पहिला गेम मानसीने २१-१६ घेतला, मग १३-२१, १८-२१. दुसऱ्या सामन्यात युक्रेनच्या ओक्साना कोझिनाशीही गाडी तिसऱ्या गेमपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. पहिल्या साखळी फेरीतूनच बाहेर. कोनिताहने पुढे रौप्य जिंकलं, सुवर्ण चीनच्या श्याओ झूश्यानने, कांस्य नायजेरियाच्या मरियम बोलाजीने. हा गट टोकियोत असता तर काय झालं असतं, याचं उत्तर आता कोणीच देऊ शकत नाही. पण ऐन भरातली तीन वर्षं वाट पाहण्यात गेली, एवढं गणित तर आमच्या त्या गुण मोजणाऱ्यालाही तोंडपाठ करता येईल.

तो परवा भेटला. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीला आला होता, कॅलिपर आता हलक्या प्लास्टिकचा आहे. पॅरिसचा सामना त्यानेही पाहिला होता आणि तिसऱ्या गेममध्ये मानसीने मागे उंच शटल टाकायचं फार लवकर सोडून दिलं, असं त्याचं मत पडलं. यावर आमचा अर्धा तास वाद झाला, चहा गार झाला. निघताना तो म्हणाला, "सभागृहाचा नकाशा पाहिलास का? तीन पायऱ्या दाखवल्यात."

तर समितीसाठी एवढंच. सुवर्णमहोत्सवानिमित्त बांधलं जाणारं क्रीडा सभागृह ही आनंदाची गोष्ट आहे, माझी वर्गणी मी भरली आहे. पायऱ्या ठेवायच्या असतील तर ठेवा, पण शेजारी उतार हवा, एक फूट उंची चढायला निदान बारा फूट लांब, आणि दोन्ही बाजूंना कठडा. दाराला उंबरा नको. खालच्या मजल्यावरच्या एका स्वच्छतागृहाचं दार बाहेर उघडणारं आणि व्हीलचेअर जाईल एवढं रुंद ठेवा. बॅडमिंटनच्या रेषा रंगवताना मधली रेष पुसट नको, ठसठशीत हवी. रंगाऱ्याला समजावून सांगायला माझा तो वर्गमित्र स्वतः येणार आहे. त्याचा नंबर कार्यालयात दिला आहे.