निम्मं सामान मी टाकलं

घरी आलेलं माणूस गॅलरीतल्या माझ्या शिवणाच्या कोपऱ्यात डोकावलं की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘एवढ्याशा जागेत हे सगळं मावतं कसं?’ दुसरा जरा आवाज खाली आणून, ‘सासूबाईंचं सामान होतं तसंच ठेवलंयत ना?’ तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाही ठेवलं. निम्मं टाकलं, म्हणूनच मावतं.

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि तीन वर्षांसाठी कळव्याला भाड्याने राहायची वेळ आली. सामान बांधायला आलेल्या मुलांनी माळ्यावरून एक शिवणाचं हातमशीन, एक मिसळणाचा डबा, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि गाठोडी उतरवली. किती गाठोडी ते सांगत नाही. सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या असताना मी त्यातल्या कशाला हात लावला नव्हता. मी नोकरी करणारी, आपल्या सुनेला काजं-बटणांपलीकडे काही येत नाही, हे त्यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच ओळखलं होतं. अख्ख्या चाळीतल्या बाळांची झबली-टोपडी त्यांनी शिवलेली. माझ्या मुलाचीही.

कळव्याच्या घरात दर रविवारी एक गाठोडं सोडायचं आणि तांदूळ निवडावेत तसं निवडायचं, असं ठरवलं.

आधी दोरा. लाकडी रिळं चाळीसेक निघाली, आणि रंग असे की आज मॅचिंग सेंटरवाला सॅम्पल बघून मान हलवेल. पण सुती दोरा म्हातारा होतो. हातभर उलगडायचा, दोन्ही हातांत धरून झटका द्यायचा. टणकन आवाज करून तुटला तर त्याच्यात जीव आहे. नुसताच सुटून आला तर गेला. मशीनला लावलात तर दर चार बोटांवर तुटेल आणि आत कापसाचा भुसा साठेल तो वेगळाच. तिसाहून जास्त रिळं अशी गेली. त्यातली सहा मात्र कच्च्या टाक्यांसाठी ठेवली. कच्चे टाके नंतर उसवायचेच असतात, तिथे लेचापेचा दोराच बरा. इलॅस्टिकचं बंडल ओढलं की कुरकुरायचं आणि परत जागेवर यायचं नाही, ते फेकलं. पितळी चेनना मेणबत्ती चोळली, त्या सुरळीत धावायला लागल्या.

मग ब्लाऊजपीस. हे ज्यांच्या घरात नाहीत त्यांनी हात वर करा! ओटीत आलेले, हळदीकुंकवाला आलेले, पुढच्या ओटीत द्यायचे म्हणून ठेवलेले आणि कोणी कोणाला दिला हे विसरल्यामुळे अडकून पडलेले. एकूण 63. त्यातले काही मीच आणलेले होते, पिशवीवरून कळलं. हे पीस सहसा 80 सेंटिमीटरचे, त्यात आजच्या मापाचं कोपरापर्यंतच्या बाहीचं ब्लाऊज बसवायचं म्हणजे कसरत. टू बाय टूचे, म्हणजे साध्या सुती कापडाचे, होते ते अस्तराला काढले, बाकीच्यांच्या भाजीच्या पिशव्या शिवल्या. तेवढ्यानं हात बसला. शिवण मी अशी शिकले, 63 पिशव्या बिघडवत. बरं, अगदी 63 नाही, पण पुष्कळ.

टेपची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सासूबाईंची कापडी टेप, 60 इंची, पितळी टोकांची. मोठ्या भक्तिभावाने तीच घेऊन मी माझं पहिलं ब्लाऊज बेतलं. झालं ते असं की छातीला मावशी आत मावावी. चुकलं कुठे ते दोन दिवस कळेना. शेवटी मुलाच्या स्टीलच्या फुटपट्टीशी ताडून पाहिलं. एक फूट मोजला की टेप सव्वा अकराच दाखवायची. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून ताणली जाते. माझं माप घेतलं होतं नव्या टेपने आणि कापड बेतलं होतं जुनीने. सासूबाई दोन्हीसाठी एकच वापरायच्या, म्हणून त्यांची झबली कधी चुकली नाहीत. ती टेप खिळ्याला टांगली आहे, तिने मोजायचं नाही. नातेवाइकांना वाटतं शोभेला ठेवलीय.

मशीन सिंगरचं, मॉडेल 28 के. बाजूच्या पट्टीवरचा नंबर ‘वाय’ अक्षराने सुरू होतो, म्हणजे ते 1920 ते 1935 च्या दरम्यान स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालं. ‘के’ म्हणजे किल्बोवी, कारखाना होता तो तिथला भाग. तो कारखाना 1980 मध्ये बंद पडला. सासूबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी ते ‘आमच्या काकूचं मशीन’ होतं. ह्यात खालच्या दोऱ्याची नेहमीची गोल बॉबीन चालत नाही. पेन्सिलीच्या तुकड्यासारखी लांबट बॉबीन लागते आणि ती बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये बसून झुलते. ट्रंकेत तसल्या अकरा मिळाल्या, तीन वाकड्या. मशीन जाम होतं, कारण त्यात कोणीतरी खोबरेल घातलं होतं (माझ्यावर संशय आहे, मी कबूल करत नाही). खोबरेल कालांतराने चिकट होऊन बसतं. कारागिराने रॉकेलने धुऊन मशीनचं तेल सोडलं आणि दांडा फिरवला. तो आवाज ऐकून आतल्या खोलीतून नवरा उठून आला. बोलला काही नाही, उभा राहिला.

नौपाड्याच्या नव्या घरातली गॅलरी 7 फूट बाय साडेतीन. काचा लावून घेतल्या, भिंतीला घडीची फळी बसवली. मशीन तिच्यावर, ट्रंक खाली, आणि बसायला दुसरी ट्रंक. कापायला जागा नाही, कापायचं काम जमिनीवर. गुडघे बोलतात. उजेड डाव्या हाताने येतो ही एकच गोष्ट मी मुद्दाम बघून घेतली. बाकी सगळं जसं सुचलं तसं. पावसाळ्यात खाडीची ओल घरात येते, सुयांना आठ दिवसांत डाग पडतात. म्हणून सुया टाल्कम पावडरच्या डब्यात. सासूबाईंची सुयांची वही मात्र तशीच आहे. मामंजी रेमंडच्या मिलमध्ये होते, तिथल्या सुटिंगच्या तुकड्यांची चार पानं कापून सासूबाईंनी ती शिवलेली. चारही पानं राखाडी, चार वेगवेगळे राखाडी. मिलच्या जागेवर आता टॉवर आहेत, आमच्या गच्चीवरून दिसतात.

मिसळणाच्या डब्यातलं काहीच टाकलं नाही. सात वाट्या: शर्टाची बटणं, हुक, टिचबटणं, बिन जोडीची बटणं, मशीनच्या सुया, अंगुस्तान आणि सेफ्टी पिना एकत्र, आणि सातव्या वाटीत लोखंडाचे विचित्र तुकडे. मशीनच्या सुया बघून घ्याव्या लागल्या. वरच्या जाड भागाची एक बाजू चपटी ती घरगुती मशीनची, पूर्ण गोल ती कारखान्यातल्या मशीनची. ती इथे कशी आली देव जाणे. सातव्या वाटीतले तुकडे म्हणजे मशीनला लावायचे निरनिराळे फूट, सुईखाली कापड दाबून धरणारे. चुण्या पाडायचा कारागिराने ओळखला, काठ दुमडायचा मला वापरून कळला. एक राहिलाय. स्प्रिंग आहे, दोन दात आहेत, आणि बाजूला 1 ते 5 आकडे कोरलेले. कोणाच्या आजीकडे असला तर येऊन दाखवा, गॅलरीत दोन माणसं उभी राहतात.