टोस्टर साफ करायला घेतला आणि बोर्डापर्यंत पोचले

आमच्या पॉप-अप टोस्टरला जळकट वास येऊ लागला होता. पहिली खेप ठीक, दुसऱ्या खेपेला बारीक धूर. भाचा सुट्टीत आला तेव्हा त्याने ब्रेडला आधी लोणी फासून आत टाकायचा सपाटा लावला होता, त्याचाच हा प्रसाद. लोणी वितळून आतल्या तारांवर आणि तळाच्या चुऱ्यावर उतरतं, आणि तुपकट चुरा पेटायला वेळ लागत नाही.

दुपारी, टोस्टर पुरता गार असताना, पिन काढली आणि खालचा ट्रे ओढला. काळा भुगा आणि मुंग्यांची रांगच! मग टोस्टर वर्तमानपत्रावर उलटा धरून हलकेच थोपटला, रंगकामाच्या नव्या कोरड्या ब्रशने कडा झाडल्या. आत अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर नायक्रोमची पट्टी गुंडाळलेली असते, लालबुंद होते ती तीच. सुरी खुपसली की पट्टी तुटते नाहीतर अभ्रकाला तडा जातो, आणि पिन लावलेली असेल तर २३० व्होल्टचा झटका. ओलं फडकं फिरवलं ते फक्त बाहेरून.

"अगं, खटका खाली राहतच नाहीये. मोडलास ना?" आई. पिन लावलेलीच नव्हती. खटका खाली धरून ठेवतं ते आतलं विद्युतचुंबक, वीज नसेल तर तो लगेच वर येणार. लाइट गेल्यावर हीच तक्रार घेऊन टोस्टर दुरुस्तीला नेणारे आमच्या सोसायटीत आहेत.

खिडकी उघडून, शेजारी उभी राहून, टोस्टर रिकामाच चालवला. उरलंसुरलं लोणी जळून गेलं आणि वास थांबला.

बोर्डाचं बटण मात्र ढिलं लागत होतं, म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने बटण बंद केलं आणि सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घातला. टेस्टर पेटला!

"ताई, बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर टाकलंय कुणीतरी. बंद केलं तरी फेज, म्हणजे शॉक देणारी तार, सॉकेटात जिवंतच राहते."

म्हणजे इतकी वर्षं बटण बंद करून "आता काही नाही" असं आम्ही समजत होतो ते खोटंच. जुन्या इमारतींत असं सर्रास सापडतं, असं तो म्हणाला. मेन बंद करून त्याने तारा बदलल्या, बटण नवं बसवलं, अर्थिंग तपासलं. टोस्टरची बॉडी पत्र्याची, त्यामुळे तिसरी जाड पिन शोभेची नाही. दोन पिनांच्या अडॅप्टरवर तो लावणं मी बंदच केलंय. आमचा ८०० वॉटचा आहे, साडेतीन अँपिअरच्या आसपास घेतो, सहा अँपिअरच्या सॉकेटवर निवांत चालतो. पण एकाच एक्स्टेंशनवर टोस्टरसोबत १५०० वॉटची किटली लावली की दोघं मिळून दहा अँपिअर. तारा गरम होणारच.

एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, असल्याने मी निर्धास्त होते. पण एमसीबी जास्त भार किंवा शॉर्ट झाल्यावर पडतो, माणसाला शॉक बसत असताना पडेलच असं नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणारा स्विच, लागतो. तो गणपतीच्या आधी बसवून घेणार आहे.

लादीपाव मात्र आता तव्यावरच. टोस्टरमध्ये फुगून अडकतो, मग पिन काढा, गार होऊ द्या, लाकडी चिमट्याने ओढा. एवढ्यात चहा निवतो.